पाच वर्षांचं मूल घरी येतंय: पहिले तीन महिने कसे आखावेत?

घरकुल:

दत्तकासाठीच्या गृहभेटी, मुलाखती, कागदपत्रं सगळं पार पडलं आहे. पाच वर्षांच्या मुलीशी जुळणी झाली असून दीड महिन्यानं ती घरी येईल. दोन वर्षांची होईपर्यंत ती जन्मदात्या आईजवळ होती, पुढची तीन वर्षं बालगृहात.

तान्ह्या बाळाबद्दल हवं तेवढं वाचायला मिळतं. पण बोलतं-चालतं, स्वतःच्या आठवणी घेऊन येणारं मूल असेल तर पहिल्या दिवसापासून काय करायचं, हे कुणी नीट सांगत नाही. त्यामुळे नेमके प्रश्न विचारते:

१. फाइलमध्ये नसलेलं असं संस्थेकडून काय विचारून घ्यावं?
२. ती जेवण लपवून ठेवते, असं कळलं आहे. ही सवय कशी हाताळायची?
३. शाळा कधी सुरू करावी? नातेवाईक भेटायला उतावीळ आहेत, त्यांना किती दिवस थांबवायचं?
४. तिचं नाव बदलावं, असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं आहे. बदलावं का?

"प्रेम द्या, सगळं आपोआप होईल" हे खूप ऐकून झालं. रोज काय करायचं ते सांगा.

पाऊलखूण:

ताई, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याची वेळ निघून गेली की परत येत नाही. अधीक्षकांकडे फाइल असते. मुलगी माहीत असते ती तिला रोज आंघोळ घालणाऱ्या मावशींना. त्यांच्याजवळ तासभर बसा आणि वहीत लिहून घ्या: ती कोणत्या कुशीवर झोपते, झोपताना हातात काय लागतं, रात्री उठते का, उठली की काय केल्यावर शांत होते. शी-शूला कोणता शब्द वापरते. कशाला घाबरते: अंधार, कुत्रा, पुरुषांचा मोठा आवाज, डोक्यावरून पाणी ओतणं? लाडाचं नाव काय? जिवाभावाची मैत्रीण कोण? दुखलं-खुपलं तर रडते की गप्प राहते? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अधोरेखित करून ठेवा. पडल्यावर न रडणारं मूल शूर असतं असं नाही. रडून कुणी येत नाही, हे ते शिकलेलं असू शकतं.

दुसरं म्हणजे वास. तिथला साबण, तेल आणि कपडे धुण्याची पावडर कोणती ते विचारा आणि पहिले काही आठवडे तेच वापरा. तिची चादर किंवा पांघरूण मागून घ्या, बदल्यात संस्थेला नवं द्या. घरी आणल्यावर ते धुवायचं नाही. कळकट दिसेल, पाहुणे नाक मुरडतील, तरी नाही. सगळं जग बदललेलं असताना तेवढी एकच वस्तू ओळखीची असते. धुवायचं की नाही हे पुढे तीच ठरवेल.

भेटींचा क्रम साधारण असा ठेवा: पहिल्या तीन-चार भेटी संस्थेतच, तिच्या ओळखीच्या जागेत. मग मावशींसोबत बाहेर फेरी, मग तुमच्या घरी काही तास, मग एक मुक्काम. या वयाला दोन ते तीन आठवडे पुरतात. फार लांबवलं तर मूल दोन्हीकडे अधांतरी राहतं, रोजच्या निरोपानं थकतं. पहिल्या भेटीत आठ-दहा फोटोंचा छोटा अल्बम देऊन या. त्यात तुमचे चेहरे, घराचं दार, तिची झोपायची जागा, संडास-बाथरूम आणि ताट-वाटी असू द्या. खेळण्यांचे ढीग नकोत. ती नसताना मावशींनी तो तिला रोज दाखवावा.

निरोप चोरून घ्यायचा नाही. "झोपेत उचलून आणू, म्हणजे रडणार नाही" हा सल्ला हमखास मिळतो आणि तो घातक आहे. झोपेत घर बदललेलं मूल पुढे कित्येक महिने झोपायलाच घाबरतं. तिच्या आवडत्या मावशींनी तिला जवळ घेऊन स्पष्ट बोलायला हवं: "तू यांच्याकडे राहायला जातेस. मी तुझ्यावर रागावलेली नाही. तू काही चुकीचं केलं नाहीस. तिथे मजेत राहिलीस तर मला आनंदच होईल." हे ऐकलं नाही, तर आपण त्रास दिला म्हणून आपल्याला पाठवून दिलं, असा अर्थ मूल स्वतःच लावतं.

झोपेची जागा: वीस मुलांच्या दालनात झोपलेल्या मुलीला एकटीची सजवलेली खोली ही शिक्षा वाटू शकते. तिथली शांतताही भिववते. तुमच्या पलंगाशेजारी वेगळी गादी घाला, मंद दिवा आणि दार उघडं ठेवा. खोलीची सवय तीन-चार महिन्यांनी लावता येईल. रात्री उठली तर हाक मारण्याआधीच तुमचा आवाज ऐकू येईल एवढंच अंतर हवं.

आहार_समुपदेशन:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. लपवण्याला चोरी म्हणू नका, मनातसुद्धा नको. पुढचं जेवण कधी येईल याचा भरवसा नसताना शिल्लक ठेवणं ही हुशारी आहे. भरवसा बसला की गरज संपते, पण तो भरवसा सांगून बसत नाही. वेळच्या वेळी शेकडो ताटं समोर आल्यावर बसतो.

दर अडीच-तीन तासांनी खायला द्या, भूक लागली म्हणून सांगायची वाट बघू नका. तीन जेवणं आणि तीन मधली खाणी, वेळा ठरलेल्या. वेळापत्रकाची चित्रं काढून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, म्हणजे "यानंतर काय" हे तिला स्वतः बघता येईल. काय, कधी आणि कुठे बसून खायचं हे तुम्ही ठरवायचं. किती खायचं, किंवा खायचंच की नाही, हे तिनं. "एवढं संपव" नाही आणि "आता पुरे" पण नाही. सुरुवातीला ती तुमच्याइतकं किंवा जास्तही जेवेल. पोट भरल्याची खूण ओळखायला तिला वेळ लागतो. उलटी होईपर्यंत जात असेल तर ताट लहान घ्या, आणखी हवं तर आणखी मिळेल हे दाखवत थोडं थोडं वाढा आणि सोबत बसून सावकाश जेवा. हात आखडता घेतलात तर लपवणं वाढतं.

आता डबा. झाकणाचा, तिला उघडता येईल असा एक डबा तिच्या नावाचा करा. त्यात न नासणारं कोरडं खाणं आणि एखादं फळ ठेवा. तो तिच्या उशाशी किंवा हाताला लागेल अशा ठिकाणी, रात्रीसुद्धा. नियम एकच: डबा कधीही रिकामा दिसता कामा नये. रोज सकाळी आणि झोपताना तिच्यासमोर भरा. पहिल्या आठवड्यात बरीच मुलं काय करतात बघा: झाकण काढायचं, बोटानं मोजायचं, झाकण लावायचं, खायचं काहीच नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. ती भूक नसते, ती खात्री असते. मोजू द्या. मोजणं कमी झालं की डबा काम करतोय असं समजा.

उशीखाली पोळीचा शिळा तुकडा सापडला तर ओरडू नका आणि गुपचूप फेकूही नका. गुपचूप फेकणं जास्त वाईट, कारण ठेवलेलं नाहीसं होतं हीच तिची भीती. "हे खराब झालं, पोट दुखेल. चल, याच्या बदल्यात डब्यात ताजं ठेवू," असं म्हणून तिच्या हातानं बदला. मुंग्यांची काळजी असेल तर घट्ट झाकण घ्या.

आणि दोन गोष्टी कधीच नाहीत: शिक्षा म्हणून जेवण बंद, आणि बक्षीस म्हणून खाऊ. अन्न तिच्या वागण्यावर अवलंबून नाही, हेच तर शिकवायचं आहे.

पदार्थही पहिले दोन आठवडे ओळखीचेच ठेवा. नवं एका वेळी एकच, जुन्याच्या शेजारी.

बालरोग_ओपीडी:

तब्येतीचं कुणी विचारलं नाही, पण ते आधी लिहायला हवं. घरी आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सविस्तर तपासणी करा. मूल ठणठणीत दिसत असलं तरीही. रक्ताची मोजणी, लोहाचं प्रमाण, थायरॉइड, जंतांसाठी शौचाची तपासणी, क्षयरोग, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, शिसं, शिवाय कान, डोळे आणि दात. क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी केली तर ती ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यावी लागते. तो दिवस चुकला की चाचणी फुकट. संस्थेचे जुने अहवाल "सगळं नॉर्मल" म्हणत असले तरी संसर्गाच्या आणि क्षयाच्या चाचण्या सहा महिन्यांनी पुन्हा करतात, कारण लागण अलीकडची असेल किंवा मूल कुपोषित असेल तर पहिली चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. लसीकरणाचा लेखी पुरावा नसेल तर डॉक्टर वयानुसार राहिलेल्या लसी पुन्हा देतात. "दिल्या असतील" यावर थांबू नका.

ऐकण्याची तपासणी टाळूच नका. वारंवार कान वाहिलेलं मूल कमी ऐकतं आणि घरात त्याला "हट्टी, सांगितलेलं करत नाही" असा शिक्का बसतो.

उंची कमी असेल तर घाबरू नका. संस्थेत काढलेल्या साधारण दर तीन महिन्यांमागे एक महिन्याची वाढ मागे पडते, असं बालरोगतज्ज्ञांच्या पाहण्यांत दिसलं आहे. घरात आल्यावर ही वाढ वेगानं भरून निघते. त्या वेगात शरीरातलं लोह संपतं, म्हणून आल्यावर चांगलं असलेलं लोह सहा महिन्यांनी कमी झालेलं दिसू शकतं. ते पुन्हा तपासा. काही मुलींना वयात येण्याची सुरुवातही लवकर होते. म्हणून उंची-वजन दर तीन महिन्यांनी त्याच काट्यावर नोंदवून ठेवा.

रात्री अंथरूण ओलं होणार. पाच वर्षांच्या कुठल्याही शंभर मुलांत पंधरा-एक मुलं अंथरूण ओलं करतात, आणि हिचं तर घर बदललं आहे. गादीवर प्लास्टिक, त्यावर चादर, त्यावर पुन्हा प्लास्टिक आणि चादर अशा दोन जोड्या आधीच घालून ठेवा. रात्री वरची जोडी ओढून काढली की काम झालं. दिवा नको, चर्चा नको. मात्र बद्धकोष्ठ आहे का ते पाहा. साठलेल्या शौचाचा मूत्राशयावर दाब येऊन अंथरूण ओलं होतं, हे कारण बऱ्याचदा नजरेतून सुटतं.

घरकुल:

खूप खूप आभार, सगळं वहीत उतरवून घेतलं. आणखी एक. पहिल्याच भेटीत तिनं गळ्यात हात टाकून "आई" म्हटलं. आम्हाला भरून आलं. पण नंतर फाटकाशी बसलेल्या माणसालाही तिनं तशीच मिठी मारली आणि त्याच्याबरोबर चालू लागली. हे चांगलं लक्षण की काळजीचं?

पाऊलखूण:

तुम्हाला भरून आलं हे अगदी साहजिक आहे, आणि ती मिठी खोटीही नाही. फक्त तिचा अर्थ "माझं माणूस" असा अजून झालेला नाही. पाळीपाळीनं बदलणाऱ्या माणसांत वाढलेलं मूल समोरच्या प्रत्येकाला आपलंसं करायला शिकतं, कारण खाऊ, उचलून घेणं आणि लक्ष त्यातूनच मिळतं. घरी आल्यावर हे बऱ्याच मुलांत हळूहळू कमी होतं, काहींत वर्षानुवर्षं रेंगाळतं. अनोळखी माणसाबरोबर बिनधास्त निघून जाणं सहा महिन्यांनंतरही टिकलं तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. २०१३ पासून मानसविकारांच्या डीएसएम-५ या यादीत याची वेगळी नोंद आहे, म्हणजे तज्ज्ञांना ते ओळखता येतं.

यातच नातेवाइकांचं उत्तर आहे. पहिले सहा ते आठ आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, लागल्यावर फुंकर घालणं ही चार कामं फक्त तुम्ही दोघांनी करायची. आजी-आजोबांनीसुद्धा नाही. ऐकायला कठोर आहे, पण पाहुण्याच्या मांडीवर जाऊन ती खाऊ मागते आणि सगळे "किती गोड" म्हणतात, तेव्हा तिला जुनाच धडा पुन्हा मिळत असतो. घरच्यांना काय बोलायचं ते आधीच सांगून ठेवा: "या, बसा, हसा, तिच्याशी खेळा. काही हवं असेल तर तिला म्हणा, आईला विचारू या." उचलून घेणं, भरवणं आणि भेटवस्तू नंतर. एका वेळी दोनच माणसं, तासाभरापुरती. स्वागताचा मोठा कार्यक्रम तीन महिन्यांनी करा, तेव्हा तो तिचाही असेल.

आता पुढची सूचना. पहिले काही आठवडे ती अतिशय शहाणी वागेल. मग एक दिवस चावेल, थुंकेल, तुम्ही दिलेली बाहुली मोडेल. ती बिघडली असं घरात बोललं जाईल. तेव्हा कॅलेंडरवर तारीख लिहा. पाहुणी म्हणून राहणं संपून खरं वागायची हिंमत तिला ज्या दिवशी झाली, तो हा दिवस. "असं वागले तरी ठेवतील का?" हा प्रश्न ती हातापायांनी विचारते.

अशा वेळी खोलीत कोंडणं, "बोलू नको माझ्याशी" म्हणणं, कोपऱ्यात एकटीला उभं करणं हे इतर मुलांत चालत असेलही, हिच्या बाबतीत उलटतं. तिचं मूळ भयच सोडून दिलं जाण्याचं आहे. "परत पाठवू" हे तर चेष्टेतही तोंडून जाता कामा नये, शेजाऱ्यांच्याही. त्याऐवजी तिच्या हाताच्या अंतरावर, तिच्या उंचीला खाली बसा, मारणारा हात नुसता अडवा, कमी शब्दांत बोला: "मारू देणार नाही. मी इथेच आहे." समजावणं वादळ शमल्यावर, आणि तेही दोन वाक्यांत. नियम थोडे ठेवा, पण जे आहेत ते रोज तेच.

शाळेबद्दल: शक्य असेल तर किमान तीन महिने नाही. एकाला घरी रजा लागेल, ते आत्ताच ठरवा. अभ्यास मागे पडेल ही भीती मी समजू शकते, पण तो भरून काढता येतो.

प्रतिपालक_मंच:

शाळेबाबत थोडी दुरुस्ती सुचवते. काही मुलांना संस्थेतली शाळा हीच आवडती जागा असते. बाई, डबा, घंटा हे त्यांचं स्थैर्य असतं. तिच्या मावशींना विचारा. तसं असेल तर तीन महिने पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या आठवड्यात रोज एक-दीड तास, तुम्ही बाहेर बसलेले, असं करून बघा. "किती वाजता घ्यायला येणार" हे सांगितलं असेल तर त्या मिनिटाला फाटकात उभं राहायचं. पाच मिनिटं उशीर तिच्यासाठी पाच मिनिटं नसतो. वर्गशिक्षिकेला दत्तकाची गोष्ट सांगायची असेल तर फक्त कामापुरती. आणि "कुटुंबवृक्ष काढा", "लहानपणचा फोटो आणा" असले गृहपाठ आधी कळवायला सांगा.

फॉस्टर पालक, म्हणजे मूल काही काळापुरतं सांभाळणारे, होऊ पाहणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक फरक. वरचं जवळजवळ सगळं तुम्हालाही लागू आहे, पण "आता हेच तुझं कायमचं घर" हे वाक्य सोडून. जे खरं आहे तेच सांगा: "तुझी आई बरी होईपर्यंत तू आमच्याकडे आहेस. पुढचं ठरलं की सगळ्यात आधी तुला सांगू." आईच्या भेटीनंतर मूल दोन-तीन दिवस बिथरतं. त्यावरून भेटी बंद करा असं लगेच म्हणू नका. भेटीत आईची ओढ आहे आणि निरोपाचं दुःख आहे, दोन्ही खरं असतं. भेटीच्या दुसऱ्या दिवशी काहीच ठरवू नका, तो दिवस मोकळा ठेवा. आणि आधी-नंतरची झोप-जेवण तारखेनिशी लिहा, म्हणजे सोशल वर्करला मताऐवजी नोंद देता येईल.

नावाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: बदलू नका. पाच वर्षांच्या मुलीजवळ स्वतःचं म्हणावं असं नावच बहुधा सगळ्यात जुनं असतं, कदाचित तिच्या आईनं ठेवलेलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं आठवं कलम मुलाची ओळख जपण्याबद्दल आहे आणि त्यात नावाचा स्पष्ट उल्लेख आहे. आडनाव तुमचं लागेल. घरच्या मोठ्यांना हौस असेल तर लाडाचं नाव वेगळं ठेवू देत, ते तिला आवडलं तर. शाळेच्या दाखल्यावर तिचंच नाव राहू द्या.

त्याला जोडूनच, तिची जीवनवही, म्हणजे तिच्या आयुष्याची गोष्ट सांगणारी वही, आत्ताच सुरू करा, ती येण्याआधी. जाड पानांची, पानं वाढवता येतील अशी. संस्थेच्या इमारतीचा, तिच्या खाटेचा, मावशींचा फोटो घ्या. इतर मुलांचे फोटो परवानगीशिवाय नकोत. जन्माबद्दल फाइलमध्ये जे आहे त्याची प्रत, वजन, तारीख, गाव, जे असेल ते. दोन देशांमधल्या दत्तकाचा १९९३ चा हेग करार मुलाच्या मूळ माहितीचं जतन करायला सरकारी यंत्रणेला सांगतो, पण प्रत्यक्षात संस्था बंद पडतात, कपाटं हलतात, पावसात कागद भिजतात. तुमच्याकडची प्रत हीच खात्रीची. वहीत लिहायची भाषा तिला आज कळेल अशी: "तू एका बाईच्या पोटात वाढलीस. तिला तुला सांभाळता आलं नाही. कारण मोठ्यांच्या अडचणीचं होतं, तुझ्यामुळे नव्हतं." माहीत नसेल तिथे "आम्हाला माहीत नाही" असंच लिहा. "तुझी आई देवाघरी गेली" किंवा "तिचं तुझ्यावर खूप प्रेम होतं म्हणून तिनं तुला दिलं" असं काहीही कल्पनेनं भरू नका. दुसऱ्या वाक्यात तर धोका आहे: तुम्हीही प्रेम करता, मग तुम्हीही द्याल?

वही तिच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा, कुलपात नको. आणि ज्या फ्रॉकमध्ये ती पहिल्या दिवशी घरी येईल तो लहान झाला तरी कुणाला देऊन टाकू नका. कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून त्याच फळीवर ठेवा. कधीतरी ती तो मागेल.

घरकुल:

नावाचं घरी आजच बोलते. मावशींना भेटायची वेळ या शनिवारी मिळाली आहे, प्रश्नांची यादी आणि साबणाचं नाव लिहायला वही घेऊन जाते. दुहेरी चादरींचं माहीतच नव्हतं, प्लास्टिक आणायला हवं.

बालरोग_ओपीडी:

शनिवारी जाताच आहात तर मावशींना एवढं नक्की विचारा: ताप आला की तिला झटके यायचे का, आणि कोणत्या औषधानं अंगावर पुरळ आलं होतं का. बऱ्याचदा हे फाइलमध्ये नसतं, पण मावशींना आठवतं.